सोसण्याची मोजणी

"जब तक मैं ना कहूँ, तब तक चलेगा।"

सर काचेपलीकडून म्हणाले. त्यांच्यासमोरचा माइक चालू राहिला होता, त्यामुळं ते मला ऐकू आलं. मी काचेच्या आत होतो. कमरेच्या वर उघडा. छातीवर, पाठीवर, दंडांवर, कपाळावर चिकटवलेल्या वायरी. पाठीला बांधलेलं वाळूचं ओझं. पायाखाली सरकता पट्टा. मी चालत होतो आणि होतो तिथंच होतो.

बाहेर एका खाण कंपनीचे पाहुणे उभे होते. हातात चहाचे कप. त्यातल्या एकानं विचारलं होतं, "ये कितनी देर चल लेगा?" त्याला हे उत्तर मिळालं. वर सर हसून पुढं म्हणाले, "हमारे दूसरे बच्चे तो बीच में ही भाग आते हैं। इन लोगों का शरीर अलग होता है। पीढ़ियों से सहते आए हैं। ब्लड में है।"

पाहुणे हसले. एक जण काचेच्या अगदी जवळ आला आणि माझी पाठ निरखून बघू लागला. बाजारात बैल बघतात तसा. मला वळून त्याच्याकडं बघता येत नव्हतं, पट्टा थांबत नव्हता.

उजव्या हाताशी लाल बटण होतं. नियम साधा होता. चालणाऱ्याला नको वाटलं की त्यानं बटण दाबायचं. पट्टा थांबतो, दार उघडतं. कारण सांगावं लागत नाही. मला केव्हाचं नको झालं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती, कानांत आवाज येत होता, पोटऱ्यांत गोळे आले होते. बटण हाताच्या अंतरावर होतं. मी ते दाबलं नाही. मी काचेतून सरांच्या भुवयांकडं बघत होतो. भुवया खाली होत्या, म्हणजे सर खूश होते. त्या वर जाऊ नयेत एवढंच मला कळत होतं.

शेवटी सरांनीच हात वर केला. मी बाहेर आलो. कुणी पाणी दिलं नाही. सर पाहुण्यांना पडद्यावरच्या आलेखातली रेघ दाखवत होते. माझी रेघ. सगळ्यांच्या वर गेलेली. मी भिंतीला टेकून उभा होतो. राग आला का, असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, नाही आला. भीतीच वाटत होती. शर्ट घालू की नको, याचीसुद्धा.

हे जयपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात घडलं. मी तिथं पीएचडी करत होतो.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबा रेल्वेत गँगमन, रुळांच्या देखभालीच्या टोळीत. तिकडची छोटी लाईन मोठी व्हायला घेतली, टोळ्या फुटल्या आणि बाबांचं पोस्टिंग इकडं निघालं. मी तेव्हा शाळेत होतो. रेल्वे क्वार्टरच्या आत वऱ्हाडी आणि बाहेर हिंदी, अशी माझी जीभ झाली. आईसुद्धा भाजीवाल्याला भैया म्हणता म्हणता मलाही कधी भैया म्हणून जायची.

जयपूरचं एक मला आवडायचं. इथं माझ्या आडनावावरून कुणालाच काही कळायचं नाही. "महाराष्ट्र से हो? अच्छा, मराठा!" एवढ्यावर गाडी थांबायची. मी मान हलवायचो. नाही म्हणायचो नाही, हो म्हणायचो नाही. गावाकडं आडनाव सांगितलं की समोरचा माणूस बसल्या जागी थोडा मागं सरकतो. इथं सरकत नव्हता. मला ती मोकळीक वाटायची. आज वाटतं, तीही भीतीच होती. फक्त तिच्यावर पंखा चालू होता.

आणि मग सर भेटले. विभागातले सगळ्यात मोठे प्राध्यापक. उष्णता आणि माणसाचं शरीर, या विषयात त्यांचं नाव. ते मराठी. वडील बँकेत अधिकारी म्हणून इकडं आले, इथल्या मानसरोवर भागात घर बांधलं, सर इथंच वाढले. त्यांचं मराठी अडखळत यायचं. माझा अर्ज बघून ते खुर्चीतून उठलेच.

"अरे, आपला माणूस! या, बसा, बसा. मराठीत बोला माझ्याशी, मतलब, मला प्रॅक्टिस होईल."

मला किती आनंद झाला होता! परक्या गावात आपलं कुणी मोठं भेटलं की माणूस विरघळतो. सरांनी गाव विचारलं. जिल्हा विचारला. आडनाव पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, "गावात घर कुठं तुमचं? मतलब, कोणत्या बाजूला?"

मी म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडं, सर. गावाच्या जरा बाहेर."

"अच्छा," सर म्हणाले.

चेहरा बदलला नाही. फक्त पुढचं वाक्य "तू असं कर" असं सुरू झालं. गाईडनं विद्यार्थ्याला तू म्हणण्यात वावगं काय, असं मी स्वतःला समजावलं. पण अख्ख्या जयपुरात माझं आडनाव वाचता येणारा एकच माणूस होता आणि माझी सगळी पुढची वर्षं त्याच्या सहीवर होती.

काम मात्र मला मनापासून आवडायचं. मी कॉम्प्युटरमध्ये माणूस बांधत होतो. आधी हाडं आणि स्नायू. माणूस ओझं घेऊन चालला की कुठल्या स्नायूला किती जोर लागतो, हे गणितानं काढायचं. जोर लागला की स्नायू तापतो. ती उष्णता रक्त उचलतं, कातडीपर्यंत आणतं. कातडी घामातून ती बाहेर टाकते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर टाकायची कुठं? मग ती आतच साठते आणि माणूस कोसळतो. तो कोसळण्याच्या आधी किती वेळ काम करू शकतो, हे सांगणारं ते मॉडेल. मेच्या उन्हात दगड फोडणारे, भट्टीपाशी उभे राहणारे, रुळांवर चालणारे, यांच्यासाठी. मला वाटायचं, बाबांसाठीच हे करतोय मी.

गणित खरं की खोटं हे पडताळायला खरी माणसं लागतात. त्यासाठी ती गरम खोली. माणूस आत चालतो, बाहेर आपण त्याच्या अंगातल्या उष्णतेची रेघ बघतो. त्यानं बटण दाबलं की तेवढी त्याची सोसण्याची हद्द, असं धरायचं. जगभर हीच रीत आहे. माणसानं स्वतः बस म्हणायचं. ऐकायला किती न्यायाचं वाटतं!

विनीत म्हणून माझ्याबरोबरचा मुलगा होता. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या जयपुरातल्या, जवाहिऱ्याचा. तो आत गेला, थोडा वेळ चालला, "अरे यार, बस!" ओरडून बटण दाबून बाहेर आला. सरांनी त्याची पाठ थोपटली. "समझदार लड़का है। शरीर की सुनता है।" त्याला लिंबूपाणी मिळालं. बाकीचीही मुलं अशीच. कुणी हसत, कुणी शिव्या घालत बाहेर.

माझी पाळी आली. मीही तेवढ्याच वेळानं बटणाकडं हात नेला. सर बाहेरून माइकवर मराठीत म्हणाले, "तुला काय होतंय? थांब ना अजून थोडा. तुम्ही लोकं काटक असता. मतलब, चांगल्या अर्थानं म्हणतोय मी."

मी हात मागं घेतला. चांगल्या अर्थानं!

नंतर एकदा मी खरंच दाबलं होतं बटण. विनीतएवढ्याच वेळात. सर काहीच बोलले नाहीत. रागावलेसुद्धा नाहीत. फक्त माझा प्रगती अहवाल त्यांच्या टेबलावर पडून राहिला. मी दाराशी जाऊन उभा राहायचो, "सर, सही..." ते फोनवर असायचे. मुदत संपत आली तेव्हा माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना. मग एका दुपारी ते म्हणाले, "आज एक रीडिंग देतोस? त्या दिवशी बहुतेक तुझी तब्येत ठीक नव्हती." मी आत गेलो. ते म्हणतील तोवर चाललो. बाहेर आलो तेव्हा सही झालेली होती.

त्यानंतर मी ते बटण कधी दाबलं नाही. माझी रेघ वर वर जात राहिली. सर पाहुण्यांना माझ्या अंगाकडं बोट करून दाखवत राहिले.

मग मजूर आले. कॉलेजात नवी इमारत होत होती. ठेकेदाराशी सरांचं बोलणं झालं आणि कामावरची माणसं पाळीपाळीनं आमच्याकडं यायला लागली. आसपासच्या गावांतली, काही बस्सीकडची. त्यांच्याबरोबर त्यांचा मुकादम यायचा, इकडं त्याला मेट म्हणतात. तो काचेसमोर छाती काढून, आत बघत उभा राहायचा. बटण कशासाठी आहे ते मी प्रत्येकाला सांगायचो. प्रत्येक जण मान डोलवायचा. एकानंही ते वेळेवर दाबलं नाही.

"देखा?" सर म्हणायचे. "म्हणालो होतो ना तुला? सेम पॅटर्न. तुझ्यासारखाच."

मी मान डोलवायचो. मीसुद्धा.

कानाराम बस्सीच्या बाजूचा. वयानं माझ्याएवढाच, पण दिसायला थोराड. आत जाताना त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा, आणि मी बूट देईपर्यंत अनवाणीच उभा राहिला. त्या दिवशी कॉम्प्युटरवर मी होतो. पडद्यावर दोन रेघा शेजारी शेजारी चालत होत्या. एक कानारामच्या अंगातून येणारी, खरी. दुसरी माझ्या मॉडेलची. आता याला चक्कर यायला हवी, आता यानं थांबायला हवं, असं सांगणारी. माझं मॉडेल थांब म्हणून गेलं. कानाराम चालतच होता.

मी म्हणालो, "सर, याला थांबवू या."

सर शेजारी बसून फोनवर काही बघत होते. "त्यानं बटण दाबलंय का?"

"नाही."

"मग? रेघ छान चाललीय. बिघडवू नकोस."

मी काचेतून आत बघितलं. कानारामचा चेहरा राखेसारखा झाला होता. घाम यायचा थांबला होता आणि ते फार वाईट लक्षण असतं. पण मी त्याचे डोळे बघितले. ते बटणाकडं नव्हते. ते माझ्याकडं नव्हते. ते काचेपलीकडच्या मेटकडं होते. त्याच्या तोंडाकडं. त्याच्या भुवयांकडं.

मला दरदरून घाम फुटला. त्या थंडगार खोलीत. ते डोळे माझे होते. मीच तिथं आत चाललो होतो आणि मीच बाहेर बसून स्वतःला बघत होतो. इतके महिने आम्ही काय मोजत होतो? कातडी नाही. रक्त नाही. पिढ्यांची सवय नाही. समोर मालक उभा असताना माणूस किती वेळ बस म्हणत नाही, ते मोजत होतो. विनीत लवकर बाहेर आला, कारण बाहेर येण्याची त्याला भीती नव्हती. कानारामला होती. मला होती. भीती जितकी मोठी, तितकी रेघ वर. आणि त्या रेघेला आम्ही ताकद म्हणत होतो.

मी उठलो. खुर्ची मागं आपटली. सर म्हणाले, "कुठं चाललास?" मी बाहेरून पट्टा बंद केला आणि दार उघडलं. भसकन तापलेली हवा तोंडावर आली. कानाराम माझ्या खांद्यावर कोसळला. त्याचं अंग चटका बसेल असं तापलेलं होतं. मी त्याला जमिनीवर आडवा केला, विनीत धावत बर्फ घेऊन आला, आम्ही त्याच्या काखेत, मानेवर बर्फ लावला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा माझं मनगट धरलं. पाणी मागेल असं वाटलं. तो म्हणाला, "साब, मैं ना कोनी करी। लिख ल्यो, मैं ना कोनी करी।"

म्हणजे, मी नाही म्हटलं नाही. लिहून घ्या. मरता मरता वाचलेला माणूस हे सांगत होता. कामावरून काढतील म्हणून. मेट डोक्याशी उभा होता. त्याच्याकडं न बघता कानाराम पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. आणि मी, उष्णतेवर पीएचडी करणारा, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. मला वाटलं, कानारामची चौकशी करतील.

"तुझ्यामुळं एक रीडिंग वाया गेलं," ते म्हणाले. "ठीक आहे. आता ऐक. कंपनीला रिपोर्ट द्यायचा आहे. मॉडेलमध्ये आपण दोन हद्दी ठेवतोय. एक सर्वसाधारण माणसाची. आणि एक अभ्यस्त श्रमिकाची, मतलब, सवय झालेल्या मजुराची, वरची. कातडीच्या समीकरणात एक गुणक घाल, म्हणजे ती वरची रेघ जुळेल. पेपरवर पहिलं नाव तुझं राहील."

"त्या वरच्या हद्दीचं कंपनी काय करणार, सर?"

"पाळ्या ठरवणार. मतलब, किती वेळ सलग काम, मग किती विश्रांती. त्यांच्या सगळ्या खाणींत लागू होईल. इट्स अ बिग थिंग." ते खुर्चीत मागं रेलले. "तूच तर त्याचा सबसे बढ़िया पुरावा आहेस."

मी काहीतरी पुटपुटलो. त्यात नाही हा शब्द असावा.

"थिसिस जमा करायचाय ना या वर्षी?" सर अगदी मायेनं म्हणाले. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

तोपर्यंत बाबा निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडून आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते पेटून उठतील. ते घाबरले. माझ्यापेक्षा जास्त.

"सही घेऊन घे आधी," बाबा म्हणाले. "बाकीचं मंग पाह्य. साहेबाच्या तोंडाले लागू नोको, बाप्पा. आपल्याले काय झालं? आपण त सहन केलंच ना जन्मभर."

आई म्हणाली, "हाव ना. एवढी वर्षं गेली तुही. आता काहून वाकडं घेतं?"

बाबांना मी कुठल्या तोंडानं बोलणार? त्यांनी मला शिकवलं ते असंच, जी साहेब, जी साहेब करत. भर उन्हात रुळांवरून चालत. त्यांचे साहेब त्यांना मजबूत आदमी म्हणायचे. बाबा ते घरी येऊन आम्हाला कौतुकानं सांगायचे. मी त्या दिवशी ताटावर बसून त्यांच्या पायांकडं बघत राहिलो. त्यांच्या अंगाचीसुद्धा कुणीतरी अशीच वरची रेघ काढली होती आणि आम्ही तिला शाबासकी समजलो होतो. मी जेवलो नाही. बाबाही जेवले नाहीत.

बैठकीच्या दिवशी मी सकाळपासून तीनदा उलटी केली. सभागृहात विभागप्रमुख होते. कंपनीचे तेच पाहुणे होते. माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीच्या एक मॅडम होत्या. सरांनी पडदा लावला. खाली एक रेघ, वर एक रेघ. दोन्हींच्या मधे भरपूर जागा. ती जागा म्हणजे माणसाचं उन्हातलं जास्तीचं काम. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कानारामचं तापलेलं अंग पुन्हा खांद्यावर पडल्यासारखं वाटलं.

"गुणक के बारे में मेरे स्टूडेंट बताएँगे," सर म्हणाले आणि हसून माझ्याकडं बघितलं. भुवया खाली होत्या.

मी उभा राहिलो. टेबलाची कड धरली. आदल्या दिवशी सगळं पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. विद्यार्थी म्हणून मी काय बोलू शकत होतो? माझं मत म्हणजे काय, गाईडच्या मतापुढं? पण त्या गरम खोलीत मी विद्यार्थी म्हणून गेलोच नव्हतो. ज्याच्यावर प्रयोग होतो ते शरीर म्हणून गेलो होतो. आणि त्या शरीराला एक हक्क असतो. मीच तो संमतीपत्रातून सगळ्यांना वाचून दाखवायचो. कधीही, कारण न देता, प्रयोगातून अंग काढून घेण्याचा.

"गुणक नहीं बताऊँगा," मी म्हणालो. आवाज चिरकला. "मेरे शरीर की जितनी रीडिंग हैं, मैं वापस लेता हूँ।"

सरांना कळलंच नाही. "तुम स्टूडेंट हो। तुम कैसे वापस लोगे?"

"स्टूडेंट नहीं, सर। जिस पर प्रयोग हुआ, वो आदमी वापस ले रहा है।"

मग समितीच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "वो ले सकते हैं।"

"लेकिन क्यों?" विभागप्रमुखांनी विचारलं.

कारण द्यायची गरज नव्हती. मी दिलं. "मैं ज़्यादा देर इसलिए नहीं चला कि मुझे गर्मी कम लगती है। मैं सर से डरता था। मज़दूर मेट से डरते थे। ये लाइन डर की है। इससे किसी की पाली मत बनाइए।"

कंपनीच्या एका माणसाला हसू आलं. काचेला नाक लावून पाठ बघणारा तोच. तो म्हणाला, "तो अभी डर नहीं लग रहा?"

"लग रहा है," मी म्हणालो.

आणि खाली बसलो. टाळ्या वगैरे काही झालं नाही. मॅडमनी कागदावर काही लिहून घेतलं. कंपनीचे लोक आपसांत कुजबुजले. सरांनी पडदा बंद केला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. आजूबाजूला मुलं होती, म्हणून मराठीत बोलले. अगदी हलक्या आवाजात. "आपला माणूस म्हणून घेतलं होतं मी तुला."

"आपला म्हणून नाही, सर," मी म्हणालो. "काटक म्हणून."

त्यांच्या भुवया वर गेल्या. मी ज्याला इतकी वर्षं भीत होतो ते एवढंच होतं. तरी मला भीती वाटलीच. उगाच शूरपणा सांगत नाही.

पुढचं सांगतो. सरांनी मला सोडलं. दुसरा गाईड शोधा, असं विभागानं कळवलंय. कुणी तयार होत नाही. सगळे चांगलं बोलतात आणि खोलीचं दार लावून घेतात. विनीत कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर बसायचा, आता लांब बसतो. त्याचाही थिसिस सरांकडंच आहे, त्याला मी दोष देत नाही. बाबा माझ्याशी नीट बोलत नाहीत. आई देवळात न जाणारी बाई, पण परवा मला म्हणाली, "सरांच्या पाया पडून पाह्य ना."

आणि ती वरची रेघ अजून पुसलेली नाही. सरांनी त्यातून माझं अंग तेवढं वगळलं. मजुरांची रीडिंग ठेवली. थोडी खाली आली रेघ, पण आहे. पुढच्या बैठकीत ती पुन्हा मांडणार आहेत. मजुरांपैकी कुणी माघार घेतलेली नाही, असं त्यांनी समितीला कळवलंय. खरंच आहे. माघार घेता येते हे त्यांना मीच मेटच्या देखत सांगितलं होतं. मेटच्या देखत सांगितलेल्या हक्काचा काय उपयोग?

मी पुन्हा सांगणार आहे. मेट नसताना. त्यांच्या घरी जाऊन. इमारतीचं काम संपलं, माणसं पांगली. कानाराम बस्सीकडं गेलाय, बाकीचे कुठं कुठं आहेत ते मी शोधतोय. कदाचित ते मला दारातूनच परत पाठवतील. पाठवू देत. कानाराम कदाचित पुन्हा म्हणेल, साब, मैं ना कोनी करी. मी त्याच्यावर जबरदस्ती करणार नाही. त्याच्यावर जबरदस्ती करणारे पुष्कळ आहेत. तो नाही म्हणाला तर मी एकटा समितीपुढं जाईन आणि मी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगेन, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा. नाही बोलावलं तर न बोलावता जाईन.

ते मॉडेल मी बांधलंय. त्यातली कातडी मी लिहिलीय. तिच्यात ओढ्याच्या अलीकडची आणि पलीकडची असा भेद मी घालणार नाही, दुसऱ्यानं घातला तर त्याच्या नावानिशी सांगेन. पदवी मिळाली नाही तरी चालेल. भीती जायची मी वाट बघणार नाही, ती जाणार नाही. हात थरथरत असतील तर थरथरत्या हातानं खोडेन. पण ती रेघ मी खोडणार.